कडप्प्यावरचा लिंबाचा डाग

आमच्या आईचा स्वयंपाकघरात एक नियम होता. चिरलेलं लिंबू ओट्यावर उपडं ठेवायचं नाही. वाटीत ठेवा, ताटलीत ठेवा, अगदीच काही नसेल तर सालीवर उताणं ठेवा, पण कापलेली बाजू कडप्प्याला लागता कामा नये.

मी दहा-अकरा वर्षांची असताना एका मे महिन्यात सरबत करून, पिळलेली फोड तशीच ओट्यावर उपडी टाकून खेळायला पळाले होते. संध्याकाळी आईने ती उचलली तर खाली जुन्या रुपयाएवढं पांढुरकं वर्तुळ उमटलं होतं. तिने काथ्याने घासलं, राखेने घासलं. शेवटी खोबरेलाचं बोट फिरवलं तेव्हा वर्तुळ दिसेनासं झालं. दोन दिवसांनी तेल वाळलं आणि ते पुन्हा वर आलं. मग मी रोज तेल लावायला लागले. आठवडाभराने आई म्हणाली, "राहू दे गं. डाग असता तर निघाला असता. लिंबाने दगड खाल्लाय तिथे."

लिंबाने दगड खाल्लाय! ते वाक्य मला तेव्हा भीतीचं वाटलं होतं. इतका जाड काळा दगड, त्यावर वरवंटा आपटला तरी ज्याला काही होत नाही, तो लिंबाच्या एका फोडीने कसा खाल्ला जाईल? त्या वर्तुळावरून बोट फिरवलं की बाजूच्या गुळगुळीत कडप्प्यापेक्षा ते किंचित खरखरीत लागायचं. पुढची चाळीस-पंचेचाळीस वर्षं ते तिथेच होतं. पोळीचा डबा ठेवायची जागा म्हणून आईने तीच ठरवून टाकली.

आई जाऊन आता तीन वर्षं झाली. एरंडवण्यातली आमची तीन मजली इमारत पुनर्विकासाला गेली आणि गेल्या पावसाळ्याच्या शेवटी घर रिकामं करायची नोटीस आली. दादा आणि मी रविवारी-रविवारी जाऊन कपाटं आवरत होतो. एका रविवारी ओट्यापाशी चहा पिता पिता दादा म्हणाला, "बेलमला येतेस का? तुझी वहिनी आणि मी जातोय. गुहा आहे, खूप मोठी. आंध्रात."

खरं सांगायचं तर गुहा म्हटल्यावर मला फार ओढ वाटली नाही. आम्हा पुणेकरांना गुहेचं अप्रूप ते काय? जंगली महाराज रस्त्यावर पाताळेश्वर आहे, कार्ला-भाजे-बेडसे लोकलने आणि रिक्षाने होतं. पण तेव्हा मी एका शब्दाची गल्लत करत होते, हे मला तिथे जाऊन आल्यावर नीट उमगलं. आपल्याकडे आहेत ती लेणी. लेणं म्हणजे अंगावर घालायचा दागिना, आणि लेणं म्हणजे डोंगरात कोरलेली वास्तूही. दोन्हीत माणसाचा हात आहे. पाताळेश्वर आठव्या शतकातलं, राष्ट्रकूटांच्या काळातलं मानलं जातं. तिथला वर्तुळाकार नंदीमंडप बघा, छिन्नीचे घाव अजून मोजता येतात. भाज्याचं काम त्याच्याही आधीचं, दोन हजार वर्षांहून जुनं. कुणीतरी दगडापुढे उभं राहिलं, इथे खांब येईल, इथे कमान येईल असं ठरवलं, आणि बाकीचा दगड काढून टाकला. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणात, म्हणजे बेसाल्टात, पोकळी हवी असेल तर माणसालाच घाम गाळावा लागतो. हा दगड लाव्ह्याचा. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर ओतून थंड झालेला. पाणी त्याला झिजवतं, फोडतं, पण साखरेसारखं विरघळवत नाही. म्हणून एवढा पाऊस पडूनही आपल्या घाटांत मैलोन् मैल चालत जावं अशी पाण्याने केलेली गुहा सापडत नाही.

(अगदीच काही नाही असं मात्र नाही. या बेसाल्टातही वायूच्या बुडबुड्यांनी केलेल्या मुठीएवढ्या, कलिंगडाएवढ्या पोकळ्या असतात आणि त्यांच्यात खनिजांचे स्फटिक वाढलेले असतात. वाघोलीच्या खाणीत मिळालेलं निळंभोर कॅव्हन्साइट जगभरच्या संग्रहालयांत आहे. पण त्या गुहेत शिरायला मुंगी व्हायला हवं.)

बेलमला जायला पुण्याहून सोपी वाट आहे. मुंबई-चेन्नई लोहमार्गावर ताडीपत्री नावाचं स्टेशन लागतं, तिथून गाडी करून तीसेक किलोमीटर. आम्ही रात्रीची गाडी धरली नाही, मुद्दाम दिवसाचा प्रवास जास्त होईल अशी धरली, कारण दादाला खिडकीतून बघत जायचं होतं. सोलापूर मागे पडलं, कलबुर्गी मागे पडलं आणि एका लहानशा स्टेशनवर गाडीचा वेग कमी झाला. पाटीवर नाव होतं : शहाबाद.

वहिनी एकदम म्हणाली, "अय्या, आपल्या फरशीचं गाव!"

आमच्या जुन्या घरात सगळीकडे शहाबादी फरशी. उन्हाळ्यात दुपारी आम्ही भावंडं उशीसुद्धा न घेता तिच्यावर आडवी व्हायचो, गाल टेकवला की गार लागायची. शहाबाद हे गावाचं नाव आहे हे माहीत होतं, पण ते गाव खरंच कुठेतरी असेल, त्याला फलाट असेल, त्यावर कुणी चहा विकत असेल, असं कधी डोक्यात आलं नव्हतं. दादाने तेव्हाच सांगितलं की शहाबादी फरशी आणि ओट्याचा कडप्पा हे दोन्ही चुनखडीचे दगड. वेगवेगळ्या खाणींतले, वेगवेगळ्या रंगांचे, पण जात एक. समुद्राच्या तळाशी चुन्याचा बारीक गाळ थरांनी साचत गेला आणि दबून घट्ट झाला. म्हणून तर त्यांच्या सपाट लाद्या सहज निघतात, थर सुटतो तशी फरशी सुटते.

मी त्यावर बराच वेळ विचार करत बसले. पुणं उभं आहे लाव्ह्यावर. वाड्यांची जोती, नदीचे घाट, पेठांतल्या जुन्या भिंती सगळ्या काळ्या पाषाणाच्या. पण त्या पाषाणाच्या शहरात घरात शिरलो की पाय टेकतात ते समुद्राच्या गाळावर, आणि पोळी लाटतो तीही समुद्राच्या गाळावर. तो समुद्र डायनासोरांच्याही कितीतरी आधीचा. आणि गाडी मला त्याच्याकडेच घेऊन चालली होती. आधी फरशीचं गाव, मग भीमेच्या खोऱ्यातून कृष्णेवरचा लांबलचक पूल, रायचूर, गुंतकल, आणि पुढे ओट्याचा मुलूख.

ताडीपत्रीला उतरल्यावर हे काही कुणी सांगायला लागत नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दगड कापण्याचे आणि पॉलिश करण्याचे कारखाने. काळ्या लाद्या एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या, ग्रंथालयात पुस्तकं लावावीत तशा. कापताना निघालेल्या पाण्याचा पांढुरका राप रस्त्याकडेच्या झाडांवर बसलेला. गावाबाहेर पडलं की शेतांना कुंपणं आहेत तीही लाद्यांचीच, मातीत उभ्या रोवलेल्या. गोठ्याचं छप्पर लाद्यांचं, पाणवठ्यावरची धुण्याची जागा लाद्यांची. एका घराच्या दारात आजीबाई लादीच्या कट्ट्यावर बसून शेंगा फोडत होत्या. त्यांच्या मांडीखालचा दगड आणि आमचा ओटा एकाच घरातला. मला उगाचच त्यांना नमस्कार करावासा वाटला, आणि मी गाडीतून केला. त्यांनीही हात वर केला.

गुहा जवळ आली तरी डोंगर काही दिसेना. आपल्याला सवय अशी की लेणी बघायची तर पायऱ्या चढायच्या. इथे सगळं सपाट. ज्वारीची शेतं, तिरपं ऊन, लांबवर सिमेंटच्या कारखान्याच्या चिमण्या. मोकळ्या मैदानात बुद्धाची एक भव्य शुभ्र मूर्ती आहे. तिच्या पलीकडे जमिनीला विहिरीसारखी भोकं पडलेली. तीन भोकं आहेत, त्यातलं मधलं मुख्य दार. नाव बेलम, ते संस्कृत 'बिल'वरून आलं असं सांगतात. बीळच ते. वरून शेत, आणि शेताखाली ३,२२९ मीटर लांबीचं बीळ. मेघालयात याहून कितीतरी लांब गुहा आहेत, पण मेघालय सोडलं तर भारतात एवढी लांब गुहा दुसरी नाही. त्यातला सुमारे दीड किलोमीटर भाग माणसांना बघायला खुला आहे.

ब्रिटिश भूवैज्ञानिक रॉबर्ट ब्रूस फूट यांनी १८८४ मध्ये या गुहेची पहिली नोंद केली. मग जवळजवळ शंभर वर्षं कुणी फिरकलं नाही. १९८२-८३ मध्ये हर्बर्ट डॅनियल गेबाउअर या जर्मन गुहासंशोधकाच्या तुकडीने ती आतून मोजून काढली. तरीही आजूबाजूचे लोक तिच्यात कचरा टाकत असत. १९८८ मध्ये सरकारने तिला संरक्षण दिलं, पुढे वाटा, दिवे, हवा येण्याची सोय झाली आणि २००२ च्या फेब्रुवारीत ती सगळ्यांसाठी उघडली. कचऱ्याची गोष्ट ऐकून वहिनी हळहळली. मला मात्र आपल्या गावोगावच्या बुजवलेल्या विहिरी आठवल्या. खोल जागा दिसली की काहीतरी टाकून ती भरायची, ही खोड एकट्या बेलमची नाही.

जिना उतरताना पहिली गोष्ट जाणवली ती उकाडा. गुहा म्हणजे गार असणार असं मी धरून चालले होते, पाताळेश्वरात भर उन्हाळ्यात बसलं तरी अंग निवतं. इथे शंभरेक पावलांत पाठीला कपडे चिकटले. हवा दमट, जड, नुकत्याच उघडलेल्या कुकरच्या वाफेसारखी. जागोजागी वरून नळ्या सोडून ताजी हवा आत सोडली आहे. अशा नळीखाली पोचलं की माणसं थांबतात, तोंड वर करतात, श्वास भरून घेतात आणि मग पुढे जातात. मला नानासाहेब पेशव्यांच्या कात्रजच्या नळाची आठवण झाली. अठराव्या शतकात कात्रजच्या तलावाचं पाणी जमिनीखालून शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांतल्या हौदांपर्यंत आणलं, तेव्हा त्या भुयारी नळाला ठिकठिकाणी उच्छ्वास ठेवले होते. केवढा नेमका शब्द आहे! जमिनीखाली काहीही करायचं तर आधी श्वासाची सोय बघावी लागते, हे ज्याने केलं त्याला कळलेलं होतं.

गाइड तिथल्याच गावचे, साठीच्या आसपासचे. तेलुगू आणि हिंदी मिसळून बोलत होते. मला आणि वहिनीला "अम्मा" आणि दादाला "सार" म्हणत. ते फार बोलत नव्हते, ते मला आवडलं. हा सिंहासारखा दिसतो, हे सिंहद्वार, तो वडाच्या पारंब्यांसारखा, हे नागाचे हजार फणे, एवढं सांगून ते गप्प होत आणि आम्हाला बघू देत. आकारांना नावं द्यायची माणसाला हौस असते, त्यात काही गैर नाही. पण माझी नजर आकारांवर ठरत नव्हती. ती सारखी भिंतीवर जात होती.

भिंत कडप्प्याची होती.

म्हणजे आमच्या ओट्याचीच. काळसर करडी, आडव्या थरांची. कुठे थर इतके पातळ की वह्यांची चळत रचल्यासारखे, कुठे हातभर जाड. काही थर पाण्याने आत खाल्लेले, काही बाहेर राहिलेले, त्यामुळे भिंतीला कपाटाच्या फळ्या लावल्यासारखं वाटत होतं. वळणावर मात्र सगळं गोल, घडीव. मडक्याच्या आत हात घालून फिरवला तर जसं लागेल तसं. छताला उलटे कुंड, तळाला उतार, आणि वाट अशी वळत जाते की ती माणसाची नाही, पाण्याची आहे हे दहा पावलांत कळतं. माणूस भुयार खणतो ते कुठे तरी पोचायला. पाण्याला कुठे पोचायचं नसतं, त्याला फक्त खाली जायचं असतं. जिथे दगडाला बारीक भेग सापडली तिथे ते शिरलं, भेग अडली तिथे वळलं, पुन्हा दुसरी भेग शोधली. आम्ही तीन माणसं त्याच्या मागून चाललो होतो, ते निघून गेल्यावर.

एका ठिकाणी मी वाकून थर बघत होते. मागून दादा हळूच म्हणाला, "लिंबू."

त्याला तो डाग लक्षात होता. मला वाटायचं, ते फक्त माझं आणि आईचं आहे.

आणि बरोबर होतं त्याचं. पावसाचं पाणी खाली येताना हवेतला कार्बन डायऑक्साइड थोडासा घेऊन येतं. जमिनीत मुरताना, मुळं आणि कुजलेला पाला यांच्यामधून जाताना आणखी बराच घेतं. त्यातून पाण्याला येतो तो आंबटपणा जिभेला कळणारही नाही इतका सौम्य. सोड्याच्या बाटलीत असतं तेच आम्ल, त्याहून पुष्कळ पातळ. पण चुनखडीला ते पुरतं. लिंबाची फोड एका दुपारी जे करते ते हे पाणी करत राहतं, पाऊसकाळामागून पाऊसकाळ. केसाएवढी भेग बोटभर होते, बोटाची हाताएवढी, हाताची माणूसभर. लिंबाने दगड खाल्लाय, हे आईचं वाक्य रसायनशास्त्राच्या पुस्तकात घालावं इतकं अचूक होतं. ती सातवीपर्यंत शिकली होती.

खाल्लेला दगड जातो कुठे? तर तो पाण्यात उतरतो, आणि सवड मिळाली की पाणी तो परत ठेवतं. छतातून झिरपलेला थेंब गुहेच्या हवेत लोंबकळतो, त्यातला वायू निघून जातो आणि विरघळलेला चुना तिथेच मागे राहतो. सोसायटीच्या बोअरच्या पाण्याने नळाच्या तोटीवर पांढरी खरड जमते ना, तसंच हे. थेंबामागे थेंब आला की वरून लोंबणारा अधोमुखी स्तंभ वाढतो, पडलेल्या थेंबांतून खालून ऊर्ध्वमुखी. शाळेत भूगोलात हे शब्द पाठ केले होते, मार्कांपुरते. 'लवणस्तंभ' म्हणायचो आणि मिठाचे असतील असं समजायचो. त्यांची वाढ वर्षाला साधारण मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकी, जागेप्रमाणे कमी-जास्त. म्हणजे माझ्या वितीएवढा स्तंभ व्हायला दोनेक हजार वर्षं. भाज्याचं लेणं कोरायला घेतलं तेव्हा जो थेंब लोंबायला लागला असेल, तो आत्ता कुठे वीतभर झाला असेल.

हे मनात घोळत असताना आम्ही सप्तस्वरांच्या दालनात पोचलो. सप्तस्वराल गुहा, २००६ मध्ये हा भाग खुला झाला. इथले स्तंभ बोटाने किंवा काठीने वाजवले की धातूसारखा नाद येतो. एकाचा खर्ज, एकाचा वरचा सूर. आमच्या पुढे कॉलेजच्या मुलांचा घोळका होता. एकाने बोटाने वाजवलं. दुसऱ्याने अंगठीने. तिसऱ्याने पाण्याची बाटली घेतली. आवाज सुंदर होता, नाही म्हणणार नाही. दालनभर तो फिरून परत येत होता. पण प्रत्येक ठोक्याला माझ्या पोटात कालवत होतं. बेलममध्ये आधीच असे स्तंभ फार नाहीत, बहुतेक गुहा म्हणजे नुसत्या पाण्याने घडवलेल्या वाटा. जे आहेत त्यांच्या अंगाला हाताचं तेल लागलं तरी त्यावर पाण्याचा पातळ थर नीट बसत नाही आणि वाढ खुंटते. दिवे सतत लागून राहिले तर भिंतींवर शेवाळ धरतं. आपल्या नुसत्या श्वासाने आतली हवा बदलते. म्हणजे आपण नुसतं आत येण्यानेसुद्धा गुहेकडून काही घेत असतो. मग निदान वाजवायला तरी नको. भिंतींवर नावंही कोरलेली दिसली, बदामात दोन अक्षरं. ती वाचताना मला कार्ल्याच्या चैत्यगृहाकडे जाणाऱ्या वाटेवरचे दगड आठवले. तिथेही हेच.

मी त्या मुलांना म्हटलं, "बेटा, हा वीतभर वाढायला दोन हजार वर्षं लागतात." माझ्या हिंदीत म्हटलं. एकाने चटकन हात मागे घेतला. "खरंच?" असं म्हणून तो स्तंभाच्या टोकाकडे बघत राहिला. टोकाला थेंब होता. मग त्याने बाकीच्यांना आपल्या भाषेत काहीतरी सांगितलं आणि ती मुलं टॉर्च लावून ठिकठिकाणी थेंब शोधायला लागली. गाइड माझ्याकडे बघून मान हलवत म्हणाले, "अच्छा बोला, अम्मा." मला त्यांच्याकडून ऐकायचं होतं ते हेच होतं, आणि त्यांनी ते मुलांना आधीच सांगायला हवं होतं असंही मला वाटलं. दोन्ही खरं आहे.

सगळ्यात खोल जागा पाताळगंगा. दारापासून ४६ मीटर खाली. पुण्याच्या भाषेत सांगायचं तर सिव्हिल कोर्टचं भुयारी मेट्रो स्टेशन सुमारे ३३ मीटर खोल आहे, सरकत्या जिन्यांवरून उतरता उतरता आपल्याला वाटतं, अजून किती! त्याहून हे तेरा मीटर जास्त, आणि सरकता जिना नाही. वहिनीचा गुडघा दुखत होता. ती वरच्या हवेच्या नळीपाशी बाकावर बसली. "तुम्ही या जाऊन, मी इथे श्वास मोजत बसते," म्हणाली.

खाली ओलसर पायऱ्या, अरुंद वाट, आणि तळाशी बारीक धार. गंगा म्हणावी इतकं पाणी नाही, आमच्या बागेतल्या नळाला येतं तितकं असेल. पण ते बारमाही आहे. दगडातून येतं, हातभर वाहतं आणि दगडातच नाहीसं होतं. गावकऱ्यांची समजूत अशी की हे पाणी जमिनीखालून दोन किलोमीटरवरच्या बेलम गावातल्या विहिरीत निघतं. गाइड म्हणाले, त्या विहिरीचं पाणी ते लहानपणापासून प्यायले आहेत. इथे शंकराची पिंडी आहे, हळदकुंकू वाहिलेलं, एक विझलेली पणती.

दादा पाण्यापाशी बसला. मी त्याच्याशेजारी. तिथे एका कोपऱ्यात विजेचा दिवा पोचत नाही. गाइडनी विचारलं, "लाइट बंद?" आणि आमच्या मोबाइलचे टॉर्च बंद करायला सांगितले.

अंधार आपण नेहमी बघतो तो खरा नसतो. पुण्यात तर आकाशही रात्रभर नारिंगी असतं. इथे डोळे उघडे आहेत की मिटलेले हे पापणीला बोट लावून बघावं लागलं. पहिल्यांदा फक्त माझ्या कानातलं रक्त ऐकू आलं. मग धारेचा आवाज. आणि त्याच्यामागे, बऱ्याच वेळाने, दुसरा एक आवाज : टप. मग काहीच नाही. मी मोजायला लागले. तेवीस, चोवीस, पंचवीस. टप. आपण इथे यायच्या आधी ते चालू होतं. रॉबर्ट फूट यायच्या आधी. भिक्षू या गुहांत ध्यानाला बसत असं सांगतात, त्यांच्याही आधी. आई जाण्याच्या आदल्या रात्री हॉस्पिटलात सलाइनचा थेंब मी असाच मोजला होता. इतकी वर्षं तो आवाज मला नकोसा होता. तिथे पाताळगंगेपाशी तो पहिल्यांदा नुसता थेंबाचा आवाज होता.

दादाने अंधारात माझा हात धरला. आम्ही दोघं साठीला टेकलेलो. लहानपणी लाइट गेली की तो असाच धरायचा.

वर आलो तेव्हा वहिनीने घड्याळ दाखवलं, आम्ही खाली पाऊण तास होतो. बाहेर वारा सुटला होता, आणि घामाने भिजलेल्या अंगाला तो इतका गोड लागला की आम्ही तिघं भोकाच्या कडेला कठड्याशी उभे राहिलो, काहीच न बोलता. समोर त्या चिमण्या. सिमेंट म्हणजे पुन्हा चुनखडीच, भाजून दळलेली. हाच दगड पोत्यांत भरून जगभर जातो. आमच्या एरंडवण्याच्या जागेवर जे उंच टॉवर होणार आहे तेही त्याचंच होणार. माणसाला घर हवं, सिमेंट हवंच, मी काही झोपडीत राहायला तयार नाही. पण ज्या दगडात गुहा होतात तोच दगड सिमेंटला लागतो, हे त्या कठड्याशी उभं राहून बघताना वाटलं की कुठला डोंगर भाजायचा आणि कुठला नाही हे फार जपून ठरवायला हवं. गुहा पुन्हा करता येत नाही. लेणं एक वेळ येईल.

परत आल्यावर आठच दिवसांत घराचा ताबा द्यायचा होता. दारं-खिडक्या काढणारे लोक आले. त्यांना जुन्या सागवानात रस होता, ओट्यात नाही. मी त्यांच्यातल्या एका काकांना विचारलं, हा कडप्पा अखंड निघेल का? ते म्हणाले, "ताई, चाळीस वर्षांचा माल, बसलाय घट्ट. निघेल तेवढा काढतो." पहार घालून त्यांनी तो हलवला. सिंकच्या भोकापाशी तडा गेला आणि दोन तुकडे झाले. लहान तुकड्यावर लिंबाचं वर्तुळ होतं.

तो आम्ही दोघांनी उचलून गॅलरीत आणला. भिंतीला टेकवताना त्याची खालची बाजू माझ्याकडे आली. ती मी जन्मात बघितली नव्हती. वरून आरशासारखा घासलेला कडप्पा खालून तसाच होता, खाणीतून सुटला तसा. लाटा-लाटांचा, खडबडीत, मध्येच एक थर अर्धवट सोललेला, करडा. तडा गेलेल्या कडेला बारीक आडव्या रेघा दिसत होत्या. मी हात फिरवला. बेलमच्या भिंतीला लागला होता तोच स्पर्श.

"माझ्या नव्या घराच्या गॅलरीत ठेवायचाय," मी म्हटलं.

दादाने तुकडा फिरवायला हात घातला, पॉलिशची बाजू वर यावी म्हणून.

"नको," मी म्हटलं. "असाच उलटा राहू दे."